पहिला चेंडू रवळनाथाचा

कांदिवली
५ जानेवारी २०२६

चि. धवल यास,
मावशीचे अ. उ. आ.

पत्र दिशाच्या पर्समधून पाठवते आहे. ती रोज मुलुंडला नोकरीला येतेच, तर तुझं उत्तर तिच्याकडेच दे. पोस्टमन झाल्याबद्दल तिने माझ्याकडे चहा-नाश्त्याचा भत्ता मागितला आहे. फोन कर असं तू म्हणशील, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझे काका चुकीचं सांगतात. कागदावरचं अक्षर मात्र मला अजून चष्म्याशिवाय लागतं.

आईचे गुडघे कसे आहेत? राजेशचा पहिला सामना काल झाला ना? यंदा शिरंबवली मंडळाचा कॅप्टन आपला राजेश, म्हणून मी देवापुढे नारळ ठेवला होता.

आता कामाचं. तुझे काका हल्ली सारखे मोबाइलमध्ये असतात. विमानतळाच्या कार्गोमधून रिटायर झाल्यापासून वेळ जात नाही हे कबूल, पण क्रिकेटचा सामना चालू असला की स्वतःशी पुटपुटतात. ओव्हर-अंडर, हँडिकॅप, फॅन्सी असं काहीबाही. विचारलं तर म्हणतात, तुला कळायचं नाही. बालवाडीतल्या चाळीस पोरांना मी एका वेळी अंक शिकवले, मला काय कळायचं नाही? दिशाला विचारलं तर म्हणाली, आई ही ऑनलाइन पैज असते, बाबांना सोडून दे. मला सोडायचं नाही. तू प्रत्येक गोष्ट खोलात जाऊन बघणारा. या पैजा किती तऱ्हेच्या असतात ते नीट समजेल असं लिहून पाठव.

जेवण वेळेवर घे. उगाच काळजी करत बसू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
कुंदामावशी


मुलुंड
९ जानेवारी २०२६

ती. सौ. कुंदामावशीस,
धवलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईचे गुडघे तसेच आहेत. रविवारी आपण जिंकलो. राजेशदादाने पहिला चेंडू नेहमीप्रमाणे ग्रामदेव रवळनाथाच्या नावाने मुद्दाम स्टंपपासून लांब बाहेर टाकला, त्या वाइडचा एक रन समोरच्यांना गेला, आणि दुसऱ्या चेंडूपासून त्याने त्यांची वाट लावली. आपल्या संघातली नवी मुलं कुरकुरत होती की आठ ओव्हरच्या सामन्यात एक रन फुकट का द्यायचा. दादा म्हणाला, आपल्या गावाचा पहिला चेंडू देवाचा, काकांच्या वेळेपासून तसंच आहे, तुम्हाला हिशेब हवा असेल तर काकांना विचारा.

तू विचारलेलं मी चार दिवस वाचून, आमच्या औषधांच्या गोदामातल्या दोघांना विचारून, मग लिहितो आहे. चुकलं असेल तर कळव. आधी एक गोष्ट. गेल्या वर्षी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. तरी परदेशातून चालणाऱ्या साइट आहेतच. काका जे बघतात ते यातलंच असणार. त्यांना सांभाळून सांग.

सगळ्यात साधी पैज म्हणजे सामना कोण जिंकणार. प्रत्येक संघाला भाव असतो. भाव एक-चाळीस म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर एकशे चाळीस हातात येतात, त्यात आपले शंभर धरलेले. संघ जितका बलवान तितका भाव कमी.

हँडिकॅप म्हणजे कमजोर संघाला आधीच काही रन देऊन टाकायचे. तू बालवाडीच्या शर्यतीत लहान पोराला दोन पावलं पुढे उभं करायचीस ना, तसंच. सामना हरूनही ते पोर पैजेत जिंकू शकतं.

ओव्हर-अंडर म्हणजे जास्त की कमी. साइट म्हणते, हा संघ साडेसाठ रन करणार. आपण सांगायचं, त्याहून जास्त की कमी. कोण जिंकतं याच्याशी संबंध नाही. आपले लोक काही ओव्हरच्या रनांवर अशी पैज लावतात त्याला सेशन म्हणतात.

मग एक साखळी असते. चार सामन्यांचे चार अंदाज एकत्र बांधायचे. भाव एकमेकांनी गुणले जातात, म्हणून आकडा डोळे दिपवणारा दिसतो. पण चारातला एक चुकला की सगळं गेलं. हे मला लगेच समजलं, कारण दहावीत बाकीच्या विषयांत पास होऊन मी गणितात राहिलो आणि निकालावर एकच शब्द आला.

लाइव्ह पैज सामना चालू असताना लावतात. भाजीबाजारात संध्याकाळी भाव उतरतात तसे तिथे दर चेंडूला भाव हलतात. मधेच थोडं कमी घेऊन उठायचीही सोय असते. पण उठायची किंमत तेच ठरवतात.

शेवटची फॅन्सी. सामन्याच्या निकालाशी घेणंदेणं नाही, बारीकसारीक गोष्टींवर पैज. पहिला षटकार कोण मारणार, पहिल्या चेंडूवर रन, विकेट की वाइड, असलं काहीही. जे क्वचित घडतं त्याला मोठा भाव.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. नाणेफेकीसारखी निम्मी-निम्मी शक्यता असेल तर खरा भाव दोन हवा. ते दोन्ही बाजूंना एक-नव्वद देतात. मधलं उरतं ते त्यांचं. म्हणजे काका हुशार असोत नसोत, रोज खेळले तर शेवटी तेच जिंकणार.

मला भीती वाटते. तुला नाही वाटत का?

आशीर्वाद मागणारा,
धवल


कांदिवली
१३ जानेवारी २०२६

चि. धवल यास,
मावशीचे अ. उ. आ.

झकास लिहिलंस. मी पत्र दोनदा वाचलं आणि मग तुझ्या काकांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना विचारलं, तो साडेसाठातला अर्धा रन कोण काढतो? ते मोबाइल वरखाली करून शोधायला लागले. इतके महिने खेळतात आणि हे ठाऊक नाही! मी सांगितलं, अर्धा रन कुणीच काढत नाही. बरोबर साठवर डाव थांबला तर जास्त की कमी हा वाद नको, म्हणून तो अर्धा मधे घुसवलेला असतो. त्यावर म्हणाले, माका शिकवू नको. मी म्हटलं, शिकवते आहे कारण तुम्ही शिकलेला नाहीत.

आता मी रोज बघते. साखळीत ते हमखास हरतात. परवा तीन बरोबर आले आणि चौथ्यात एका परदेशी संघाने वाट लावली, तर जेवलेच नाहीत. हँडिकॅपात तर उलटंच लावतात, ज्याला सूट मिळते त्याच्याच विरुद्ध. मी स्पष्ट सांगितलं की हे असलं घरात चालणार नाही, वर बंदी आहे. म्हणाले, बंदी त्यांच्यावर, माझ्यावर नाही. वकिलाचा मुलगा असल्यासारखे बोलतात.

पण एक गंमत आहे. रविवारी सकाळी मात्र त्यांचं नशीब उघडतं. दोन्ही रविवारी एकच पैज लावली, पाच मिनिटांत जिंकली, मोबाइल खिशात टाकला आणि खाली जाऊन गरम जिलबी घेऊन आले. शेजारच्या देवव्रतांना मोबाइलवरची ती पावती दाखवत होते. कसली पैज ते मला सांगत नाहीत. देवाची कृपा, एवढंच म्हणतात.

तू घाबरू नकोस. मी आहे इथे. त्या साइटला पुरून उरेन.

राजेशला सांग, फायनलला मी येणार आहे.

तुझी,
कुंदामावशी


मुलुंड
२० जानेवारी २०२६

ती. सौ. कुंदामावशीस,
धवलचा सा. न. वि. वि.

मावशी, घरात वाईट झालं आहे. रविवारी आपण सेमीफायनल जिंकलो आणि काल स्पर्धेच्या समितीने दादाला बोलावलं. समितीचे प्रमुख अनिरुद्ध सर. त्यांच्याकडे एक फोटो आला आहे, कुणाच्या तरी मोबाइलवरच्या पैजेच्या पावतीचा. त्यात आपल्या तिन्ही सामन्यांची नोंद आहे. पैज एकच, शिरंबवलीने टाकलेला पहिला चेंडू वाइड. भाव पंधरा. तिन्ही वेळा जिंकलेली. नाव झाकलेलं आहे.

आपले सामने यूट्यूबवर दाखवतात, ते बघून एका परदेशी साइटने त्यावर पैजा ठेवल्या, हे समितीलाही आताच कळलं. सरांनी दादाला सरळ विचारलं की पहिला चेंडू तू मुद्दाम वाइड टाकतोस का. तुला दादा माहीत आहे. तो हो म्हणाला. देवासाठी टाकतो म्हणाला. तिथे बसलेला एकजण हसला आणि म्हणाला, देवाचा मोबाइल नंबर काय?

समितीत रायगडचे लोक आहेत, रत्नागिरीचे आहेत, आपल्याकडचा कुणी नाही. त्यांना ही प्रथा माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी अखेरची बैठक आहे. तोपर्यंत पावती कुणाची आणि त्याचा दादाशी काय संबंध हे कळलं नाही, तर रविवारच्या फायनलमधून आपला संघ बाद आणि दादाला पाच वर्षं कुठल्याही मैदानावर बंदी. कारण लिहिणार, सामना विकला. दादा लोकांच्या घरात जाऊन एसी दुरुस्त करतो. तो बंदीला घाबरत नाही, त्या शब्दाला घाबरतो. कालपासून घरात कुणाशी बोललेला नाही.

मावशी, मला लिहायला जड जातं आहे. मी ते तुझं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. रविवार सकाळ, एकच पैज, पाच मिनिटं. कृपा करून काकांना विचार की त्यांची ती पैज कसली असते. मी चुकीचा असेन तर मला खूप आनंद होईल. दादाला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवलं आहे, दिशाताईलाही माहीत नाही.

उत्तर लवकर दे.

धवल


कांदिवली
२१ जानेवारी २०२६

चि. धवल यास,
मावशीचे अ. उ. आ.

तू चुकीचा नाहीस.

तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं आणि समोर बसले. वाचून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. खरं म्हणजे लपवण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं. म्हणाले, मी कुणाला फसवलं? देवाचा चेंडू वाइड असतो हे सगळ्या शिरंबवलीला माहीत आहे. त्या साइटवाल्यांना माहीत नाही आणि ते पंधराचा भाव देतात, यात माझा काय गुन्हा? राजेशशी याबद्दल एक अक्षर बोललो नाही, बोलायची गरजच काय, तो टाकणारच.

मी सांगितलं, तेच तर. तो श्रद्धेने टाकणार म्हणून तुम्ही निर्धास्त लावलंत. देवाला दिलेल्या एका रनाचा तुम्ही भाव केलात. आणि आता लोक राजेशकडे बोट दाखवताहेत, तुमच्याकडे नाही.

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, फोटो त्या देवव्रतांनी पुढे पाठवला असणार. मी म्हटलं, देवव्रतांना शिव्या घालायच्या असतील तर रविवारनंतर घाला. शनिवारी समितीसमोर जाऊन पावती माझी म्हणून सांगायचं. तिथे मात्र त्यांचा पाय अडला. मंडळाचे ते सल्लागार. गावच्या प्रत्येक पोराने त्यांच्याकडून बॉलिंग शिकली आहे, राजेशनेही. त्या सगळ्यांसमोर सट्टेबाज म्हणून उभं राहायचं! नाव झाकलेलं आहे, चार दिवसांत लोक विसरतील, असं एकदा बोलून गेले. मी जेवणाचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझं घेऊन आत गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं मी कधी केलं नव्हतं.

ते येतील. मी त्यांना ओळखते. नाही आले तर मी येईन आणि मी सांगेन, मला ऐकू कमी येतं, बोलता चांगलं येतं. राजेशला सांगायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या जागी मी असते तर आजच सांगितलं असतं.

जेव नीट.

मावशी


कांदिवली
२२ जानेवारी २०२६

चि. धवल यास,
शिवदासकाकाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी मावशी वाचायला मागते आहे, मी देणार नाही.

शनिवारी येतो. मोबाइल घेऊन येतो, सगळं उघडून दाखवतो. राजेशला सांग, काका चुकला. मी स्वतः सांगेनच, पण आधी तुझ्या तोंडून कळलं तर तो मला बघून उठून जाणार नाही.

अठरा वर्षं तो चेंडू मी टाकला. तेव्हा कोण बघत होतं? गावची माणसं आणि मैदानावरची कुत्री. कोणी पैज लावेल हे स्वप्नातही नव्हतं. म्हणून मला ते चोरीसारखं वाटलंच नाही. आपल्या आंब्याखाली पडलेला आंबा उचलावा तसं वाटलं. आता वाटतं, बघणारे बदलले की आपल्यालाही बदलावं लागतं. एवढं कळायला मला तुझ्या मावशीने एक दिवस एकट्याने जेवायला लावलं.

एक मात्र लिहून ठेवतो. समितीने काहीही ठरवलं तरी राजेशने तो चेंडू सोडायचा नाही. माझ्यामुळे तो बंद पडला तर मी गावात तोंड दाखवणार नाही.

शिवदास


मुलुंड
२७ जानेवारी २०२६

ती. सौ. कुंदामावशीस,
धवलचा सा. न. वि. वि.

रविवारी तू मैदानावर होतीस, पण मंडपाच्या त्या टोकाला स्पीकरखाली बसलीस. तुला काय ऐकू आलं आणि काकांनी काय सांगितलं याचा मला भरवसा नाही. शनिवारचं तर तू पाहिलंच नाहीस. म्हणून क्रमाने लिहितो.

दादाला मी गुरुवारीच सांगितलं. मला वाटलं भडकेल. तो बराच वेळ हातातला पाना पुसत बसला आणि मग म्हणाला, काकांनी मला विचारलं असतं तर मी पैज लावू नका म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही ना? मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं की काका येताना बस कुठे बदलतील, मी घ्यायला जाऊ का. शनिवारी गेला आणि घेऊन आला. दोघं वाटेत काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण येताना दादाच्या हातात काकांची पिशवी होती.

बैठकीत काका उभे राहिले. काही गाळलं नाही. मोबाइल सरांपुढे ठेवला. आपल्या मंडळाची सगळी मुलं मागे उभी होती. सरांनी विचारलं, तुम्ही राजेशला आधी सांगितलं नव्हतं हे आम्ही कशावरून मानायचं? काका म्हणाले, सांगायची गरज असती तर पैज खात्रीची कशी झाली असती? हा चेंडू मोबाइल येण्याआधीपासून वाइड आहे, कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा. सर म्हणाले, इथे तुमच्या गावाचा कुणी नाही.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, महाडकडचे, चष्मा काढून काकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही घाटकोपरच्या मैदानावर खेळायचात का? डावखुरे, मिशीवाले? काका हो म्हणाले. तर ते हसायलाच लागले. तरुणपणी त्यांनी काकांसमोर ओपनिंग केली होती म्हणे. पहिला चेंडू इतका बाहेर की काकांचाच विकेटकीपर चुन्याच्या रेषेवर लोळला. त्यांना वाटलं, याला बॉलिंग येत नाही, म्हणून दुसऱ्यावर पुढे सरसावले आणि त्रिफळा उडाला. पुढच्या वर्षीही तेच झालं. तो पहिला चेंडू मला मूर्ख बनवायला टाकतात असं मी आजवर समजत होतो, असं म्हणाले. सगळी बैठक हसली. दादाच्या नावावरचा डाग तिथेच धुतला गेला.

सरांनी काकांना मात्र सोडलं नाही. सगळ्यांसमोर साइटवरचं खातं बंद करायला लावलं. आपल्या मंडळाने एक वर्ष सल्लागारपद काढून घेतलं, काकांनी मान डोलावली. मग सर म्हणाले, उद्याच्या चेंडूचं काय? वाइड टाकलात तर बोंब होणार. एकजण म्हणाला, या वर्षी सरळ टाका. दादा नाही म्हणाला. बैठक पुन्हा तापायला लागली.

तेव्हा मी बोललो. माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण एवढ्या लोकांत मी कधी तोंड उघडत नाही. मी म्हणालो, पैज चालते ती एकाला माहीत आणि दुसऱ्याला माहीत नाही यावर. उद्या सामन्याआधी माइकवरून आणि यूट्यूबवरही सांगून टाकू की शिरंबवलीचा पहिला चेंडू वाइड असतो आणि का असतो. सगळ्यांना माहीत झाल्यावर त्यावर भाव कोण देणार? सर कागद पुढे सरकवून म्हणाले, लिही. मी तिथेच लिहिलं. तू मंडपात ऐकलंस ना? नसशील तर सोबत जोडलं आहे. एखादा शब्द चुकला असेल तर खुणा करून परत पाठव. आणि खरंच, सामना सुरू होण्याआधीच यूट्यूबखाली लोक लिहायला लागले की साइटवरून ती पैज गायब झाली.

मग फायनल. दादाने चेंडू टाकला तेव्हा सगळं मैदान शांत होतं. समोरच्या बॅट्समनने बॅट खाली ठेवली आणि चेंडू जाऊ दिला. अंपायरने हात पसरले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाइडला! असं मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचं तुला दिसलंच. त्यांचे एकसष्ट, आपले साठ. शेवटच्या चेंडूवर दादाचा फटका सीमारेषेवर झेलला गेला आणि आपण एका रनाने हरलो.

मी आपल्या मुलांकडे बघत होतो. ज्या पोरांनी पहिल्या रविवारी एका रनावरून कुरकुर केली होती, त्यातलं कुणी त्या वाइडचं नाव काढत नव्हतं. काका खुर्चीत डोकं धरून बसले होते. मला भीती वाटली की आता कुणीतरी बोलेल आणि दादाच्या मनाला कायमचं लागेल.

बोलला तो समोरचा कॅप्टन. बक्षीस घ्यायला जायच्या आधी तो सरळ दादाकडे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, तुमच्या रवळनाथाला आमच्यातर्फे थँक्यू सांगा. क्षणभर कुणाला कळेना हसायचं की मारायचं. आणि दादा हसला. पोट धरून हसला, मावशी. इतके दिवस तोंड मिटून बसलेला दादा मैदानात वाकून हसत होता आणि त्या कॅप्टनला सांगत होता की पुढच्या वर्षीही एक रन घेऊन जा, जिंकायला लागणारे बाकीचे रन तुम्हीच काढा.

तुझ्या आशीर्वादाला नेहमीच हक्काने हात पुढे करणारा,
धवल